चलान आलंय, पण चूक माझी नाही

वाहतुकीचं चलान हातात पडलं की दंड झाला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तेव्हा फक्त आरोप झालेला असतो. चौकातल्या पोलिसाने किंवा खांबावरच्या कॅमेऱ्याने तुमच्याकडे बोट दाखवलेलं असतं. तो आरोप खरा की खोटा, हे ठरवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याचा आहे. पोलिसांना एवढंच म्हणता येतं, की ठरलेली रक्कम भरा, म्हणजे प्रकरण कोर्टात जाणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० मध्ये ही सोय आहे. महाराष्ट्रात या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात, छत्तीसगडमध्ये शमन शुल्क. तडजोड दोन्ही बाजूंच्या मर्जीने होते. तुमची मर्जी नसेल, तर ‘मला हे मान्य नाही’ असं म्हणण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

हा हक्क कसा वापरायचा हे छत्तीसगडमधल्या भिलाईच्या रस्त्यांवर उभं राहून पाहू. भिलाई मराठी माणसाला परकी नाही. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं, आणि पोलाद कारखाना उभा राहिल्यावर विदर्भातून नोकरीनिमित्त गेलेली कितीतरी घरं तिथल्या सेक्टरांमध्ये रुजली. गोंदिया-नागपूरला सोयरीक, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, असा त्यांचा संसार. गाड्यांवर पाटी ‘सीजी ०७’ची, दुर्ग जिल्ह्याची.

भिलाईचे रस्ते दोन वेगळ्या काळांचे आणि दोन वेगळ्या कामांचे आहेत. सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. कारखान्यासोबत वसवलेल्या टाउनशिपचे रस्ते आखीव, रुंद, झाडांच्या सावलीतले. त्यांवर पाळी सुटली की दुचाक्यांचा लोंढा येतो आणि थोड्या वेळाने रस्ता पुन्हा मोकळा होतो. रुळांच्या पलीकडे मात्र जीई रोड, म्हणजे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग. पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३. हा महामार्ग गावाला वळसा घालत नाही, नेहरूनगर, सुपेला, पॉवर हाऊस असा थेट वस्तीतून जातो. लोखंडाने भरलेले ट्रेलर, शाळेच्या बस, भाजीचे हातठेले आणि पाळी गाठायला निघालेला कामगार, सगळे त्याच डांबरावर. अशा ठिकाणी कडक अंमलबजावणी हवीच. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली. रस्त्यांवरच्या अशा मृत्यूंबद्दल त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका नेली होती ती कोइमतूरच्या एस. राजशेखरन या अस्थिरोगतज्ज्ञांनी. मोडलेली हाडं रोज पाहणाऱ्या माणसाने कायदा राबवा म्हणून कोर्टाचं दार ठोठावलं, ही गोष्ट चलानाविरुद्ध भांडायला निघालेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. ‘सगळेच सिग्नल तोडतात, मलाच का पकडलं’ ही तक्रार अन्यायाची नाही. तुम्ही सिग्नल तोडला असेल तर पैसे भरा आणि विषय संपवा. हे प्रकरण ज्यांनी तोडला नाही त्यांच्यासाठी आहे.

आधी कॅमेऱ्याचं चलान घेऊ, कारण त्यातच चुकीला सर्वात जास्त जागा आहे आणि कायद्याने सर्वात जास्त अटीही त्यालाच घातल्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३६-अ आलं, आणि त्याखालचा नियम १६७-अ ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झाला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांचे धोक्याचे पट्टे, आणि दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांतले महत्त्वाचे चौक इथे इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवावी, असं तो सांगतो. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर या जोडशहराने दहा लाखांचा आकडा ओलांडलेला आहे, आणि महामार्ग तर गावातूनच जातो.

याच नियमात कॅमेऱ्यावरही बंधनं आहेत, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असतात. यंत्र अचूक आहे आणि नीट चालतं आहे असं राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाचं प्रमाणपत्र हवं, आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण झालेलं हवं. ज्या पट्ट्यावर कॅमेरा आहे तिथे तशी सूचना देणारा फलक ठळक दिसेल असा हवा. चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दाखवणारं छायाचित्र, यंत्राने घेतलेलं मोजमाप, तारीख, वेळ, जागा आणि मोडलेलं कलम हे सगळं हवं. शिवाय त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दल अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र हवं. नियमात हे प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे सांगितलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. यातलं एखादं नसलं की चलान आपोआप रद्द होत नाही. पण जिथे आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची आहे, तिथे नसलेला कागद तुमच्या बाजूने बोलतो.

म्हणून चलान आलं की पहिलं काम पैसे भरण्याचं नाही, छायाचित्र पाहण्याचं. परिवहन खात्याच्या ई-चलान पोर्टलवर चलानाचा किंवा गाडीचा क्रमांक घातला की ते उघडतं. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर पाहू नका, संगणकावर मोठं करून पाहा. नंबरप्लेटचं एकेक अक्षर वाचा. इंग्रजी ‘बी’ आणि आठचा आकडा, ‘डी’ आणि शून्य, ‘ओ’ आणि ‘क्यू’, धुळीने माखलेल्या पाटीवर यंत्र यांत गल्लत करतं. मग गाडी पाहा. रंग, मॉडेल, हँडलला लटकवलेली पिशवी, मागच्या काचेवरचा स्टिकर, डाव्या मडगार्डचा पोचा. क्रमांक तुमचाच पण गाडी दुसऱ्याची दिसली, तर प्रकरण चलानापुरतं राहत नाही. कुणीतरी तुमच्या क्रमांकाची बनावट पाटी लावून फिरतो आहे, आणि उद्या ती गाडी अपघातात किंवा चोरीत सापडली तर पोलीस तुमच्या दारात येतील. अशा वेळी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ती पोचच पुढे तुमचा सर्वात मजबूत कागद ठरते.

हेल्मेटच्या चलानातही अशीच नजर लागते. कलम १२९ मध्ये पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला हेल्मेटमधून स्पष्ट सूट आहे. भिलाईत शीख वस्ती मोठी आहे, वाहतुकीच्या धंद्यात तर फारच. पगडी घातलेल्या चालकाला हेल्मेट नसल्याचं चलान आलं, तर छायाचित्रच त्याचा बचाव आहे, वेगळं काही शोधावं लागत नाही.

आता एक अवघड प्रसंग. समजा, सेक्टर ९ च्या रुग्णालयाजवळच्या सिग्नलला तुम्ही लाल दिव्यावर थांबला आहात. मागून रुग्णवाहिका येते, सायरन चालू. डावीकडे बस, उजवीकडे दुभाजक. तिला वाट द्यायची तर तुम्हाला थांबरेषा ओलांडून पुढे सरकावंच लागतं. तुम्ही सरकता, रुग्णवाहिका निघून जाते, आणि काही दिवसांनी लाल दिवा ओलांडल्याचं चलान येतं. छायाचित्रात काय दिसतं? लाल दिवा, थांबरेषेच्या पुढे गेलेलं तुमचं चाक आणि तुमची पाटी. रुग्णवाहिका चौकटीच्या बाहेर. छायाचित्र खोटं नाही, पण ते अर्धंच सांगतं. उलट वाट दिली नसती तर कलम १९४-ई खाली दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इथे तुमची मागणी नेमकी असावी: त्या क्षणाच्या आधीचं आणि नंतरचं चित्रीकरण द्या. रुग्णालयाच्या दारातली रुग्णवाहिकेची नोंद, तुमच्या डॅशकॅमचं चित्रीकरण, शेजारी थांबलेल्या माणसाचा जबाब, यातलं जे मिळेल ते जोडा. मोठं नुकसान टाळण्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ चा आधार मिळतो, हेही अर्जात लिहायला हरकत नाही. मात्र उशीर करू नका. आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रीकरण काही दिवसांतच पुसलं जातं.

फलकाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण त्याचं वजन दिल्लीने दाखवून दिलं. २०१९ मध्ये राष्ट्रीय महामार्ग २४ वर निजामुद्दीन पूल ते गाझीपूर या पट्ट्यात कॅमेरे ताशी ६० किलोमीटरच्या मर्यादेवर लावले होते आणि रस्त्यावरचे फलक ७० म्हणत होते. ६५ ने जाणारा माणूस फलकाप्रमाणे निर्दोष आणि कॅमेऱ्याप्रमाणे गुन्हेगार. बोभाटा झाला आणि दिल्ली वाहतूक पोलिसांना सुमारे दीड लाख चलानं मागे घ्यावी लागली. भिलाईसारख्या गावात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ७० आणि दुचाकीला ६० अशी कमाल मर्यादा घातली, पण राज्य सरकार ती खाली आणू शकतं, आणि तसं केलं तर कलम ११२ प्रमाणे तिथे फलक लावणं बंधनकारक आहे. तेव्हा वेगाचं चलान आलं तर त्या जागी जा, ज्या दिशेने आला होता त्याच दिशेने चालत या, आणि फलक आहे का, झाडाच्या फांदीआड आहे का, उड्डाणपुलाच्या कामात काढून ठेवला आहे का, याची छायाचित्रं घ्या. तारीख-वेळ दिसली पाहिजे. फलकाबद्दल आणि कॅमेऱ्याच्या वार्षिक प्रमाणपत्राबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

वेगाच्या बाबतीत कायद्याने आणखी दोन संरक्षणं दिली आहेत, आणि माझ्या मते सबंध अधिनियमातल्या सर्वात समंजस तरतुदींपैकी त्या आहेत. पहिली कलम १८३ मध्ये: ‘माझ्या मते गाडी फार जोरात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या अंदाजावर कुणालाही दोषी धरता येत नाही, तो अंदाज एखाद्या यंत्राच्या मोजमापावर आधारलेला असावा लागतो. स्पीडगन नसलेल्या नाक्यावर कुणी नुसत्या नजरेने वेग ठरवत असेल तर तिथे हे कलम आठवा. दुसरी कलम २०९ मध्ये: अतिवेग किंवा धोकादायक वाहन चालवल्याचा आरोप असेल, तर त्याच वेळी तुम्हाला खटल्याची ताकीद दिलेली असावी, नाहीतर १४ दिवसांच्या आत नोटीस पाठवलेली असावी, नाहीतर २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेलं असावं. यातलं काहीच झालं नसेल तर शिक्षा होऊ शकत नाही. अपवाद एवढाच, की मालकाचं नाव-पत्ता कसोशीने शोधूनही मिळाला नाही किंवा तुमच्याच वागण्याने उशीर झाला. इंग्लंडच्या कायद्यातही अशी १४ दिवसांची अट आहे. त्यामागचं कारण साधं आहे. चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी संध्याकाळी पॉवर हाऊसजवळ तुम्ही कोणत्या लेनमध्ये होता, हे कुणाला आठवणार? ज्याला आठवत नाही त्याला बचाव करता येत नाही. म्हणून नोटीस लवकर यावी. पण सेक्टर सोडून स्वतःच्या घरात राहायला गेलेल्या कित्येक निवृत्त कामगारांच्या गाड्यांवर अजून कंपनी क्वार्टरचाच पत्ता असतो, मोबाइल क्रमांकही जुना. नोटीस तिथे जाते आणि परत येते. आरसीवरचा पत्ता आणि क्रमांक आजच तपासा.

चौकात अडवून दिलेल्या चलानाचा मामला वेगळा आहे, कारण तिथे समोर माणूस असतो. हुज्जत घालून तिथे काही मिळत नाही, उलट आवाज चढला की वाहतुकीचा साधा आरोप सरकारी कामात अडथळ्याच्या गुन्ह्यापर्यंत जातो. परवाना आणि आरसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवली तरी चालते. कागद ताब्यात घेतले तर पोचपावती मागा. पावतीशिवाय पैसे देऊ नका. तुम्हाला आरोप मान्य नसेल तर शांतपणे सांगा, ‘साहब, मुझे यह मंज़ूर नहीं, कोर्ट में भेज दीजिए.’ एवढं वाक्य पुरे. मग बाजूला होऊन लगेच लिहून ठेवा: वेळ, चौक, कोणत्या दिशेने येत होता, अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव, सोबत कोण होतं. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांना खासगी मोबाइलवर छायाचित्रं काढून नंतर चलान करण्यास वरिष्ठांनी मनाई केली. त्या सुमारास झालेल्या वाहतूकदारांच्या संपात जो राग बाहेर आला, त्यात या प्रकाराचाही वाटा होता. नकळत काढलेल्या छायाचित्राला उत्तर द्यायची संधी त्या जागी मिळतच नाही.

तक्रारीची पहिली पायरी पोर्टलवरच आहे. तिथे तक्रार नोंदवण्याची सोय असते, आणि चुकीचा क्रमांक, विकलेली गाडी, चोरीला गेलेली गाडी अशी उघड प्रकरणं बहुधा इथेच सुटावीत. मुदत चलानावर आणि पोर्टलवर दिलेली असते, ती चुकवू नका. अर्ज अर्ध्या पानाचा लिहा. पहिल्या ओळीत चलान क्रमांक, दुसऱ्या ओळीत तुमचं म्हणणं, मग पुरावे. व्यवस्थेवरचं भाष्य लिहायचा मोह आवरा. वाचणाऱ्या कारकुनाला ‘छायाचित्रातली गाडी काळी आहे, माझी पांढरी आहे, आरसी जोडली आहे’ हे वाक्य सर्वात उपयोगी पडतं. गाडी विकली असेल तर विक्रीची कागदपत्रं लागतील. पण कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, आणि कार्यालयाच्या वहीत नाव तुमचंच असेपर्यंत चलानं तुमच्याच नावाने येत राहणार.

इथे दाद लागली नाही की प्रकरण कोर्टात. बरीच चलानं आधी व्हर्च्युअल कोर्टात जातात. दिल्लीत जुलै २०१९ मध्ये ही पद्धत सुरू झाली, आणि ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला महाराष्ट्रातलं पहिलं असं कोर्ट आलं. पडद्यावर दोन वाटा असतात: दंड भरा, किंवा आरोप नाकारा. नाकारलं की प्रकरण हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. भिलाईकरासाठी ते दुर्गचं कोर्ट.

तिथली सुनावणी संक्षिप्त असते. न्यायदंडाधिकारी आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का. या प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबा. गर्दी असते, पाळी चुकलेली असते, शेजारचा म्हणतो, ‘हाँ बोल दो, पाँच मिनट में छुट्टी.’ पण एकदा कबुली दिली की अपिलाचं दार जवळजवळ बंद होतं, फक्त शिक्षेचं प्रमाण आणि वैधता यांवरच वर जाता येतं. शिवाय लाल दिवा, अतिवेग, हेल्मेट अशा काही गुन्ह्यांत परवाना तात्पुरता अपात्र ठरवण्याची कारवाई वेगळी चालते, आणि तडजोड शुल्क भरल्याने ती टळत नाही, असं कलम २०० मध्येच म्हटलं आहे. ज्याची रोजीरोटी परवान्यावर आहे त्या ट्रेलरचालकाने हजार रुपये वाचवायला नव्हे तर परवाना वाचवायला लढावं. दुसरी बाजूही सांगायला हवी. कोर्टात हरलात तर दंड तडजोड शुल्कापेक्षा जास्त होऊ शकतो, कारण न्यायालय कलमातल्या कमाल रकमेपर्यंत जाऊ शकतं. हातात पुरावा नसेल आणि रक्कम लहान असेल, तर मी पोर्टलवरच्या तक्रारीपुढे जा असा सल्ला देणार नाही.

वकील परवडत नसेल तर दुर्गच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची अट आहे. लोकअदालतीबद्दल मात्र गोंधळ नको. दर काही महिन्यांनी राष्ट्रीय लोकअदालत भरते आणि थकलेली चलानं निकाली काढायला रांगा लागतात. पण तिथे न्यायनिवाडा होत नाही, समेट होतो, आणि समेटाविरुद्ध अपील नाही. चूक झाली आहे आणि रक्कम जड वाटते, अशांसाठी ती उत्तम जागा. चूक झालीच नाही असं ज्याला सिद्ध करायचं आहे, त्याने तिथे जाऊन स्वतःचा मुद्दा सोडून देऊ नये.

जुन्या चलानांच्या बाबतीत आणखी एक तारीख मोजा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असेल तर मुदत एक वर्षाची. ही मर्यादा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. गाडी विकायला काढल्यावर तीन वर्षांपूर्वीचं चलान अचानक उगवलं, तर ते कोर्टात कधी दाखल झालं हे आधी विचारा.

अलीकडे एक नवी आपत्ती आली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाचा संदेश येतो, सोबत ‘एपीके’ नावाची फाइल. ती उघडली की फोन परक्याच्या ताब्यात जातो आणि बँक खातं रिकामं होतं. खरं चलान फाइल उघडायला लावत नाही. संदेशातल्या दुव्याला हात न लावता स्वतः सरकारी पोर्टल उघडा, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना ते पाहा, आणि तिथे क्रमांक टाकून चलान खरंच आहे का ते तपासा.

आणि जिंकलात तर? निर्दोष ठरल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. कोर्टाचा निकाल पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, कधी तो मागे पडून राहतो, आणि नोंद ‘प्रलंबित’ असली की गाडी नावावर करताना किंवा फिटनेस करताना कार्यालयात अडवणूक होते. ती प्रत लेखी अर्जासोबत वाहतूक कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, आणि पोर्टलवरची नोंद बदलेपर्यंत अधूनमधून तपासत राहा.